अथणीची वहाण, कोल्हापूरचे नाव

पादत्राणांचा इतिहास लिहिण्याची रीत आपल्याकडे फारशी पडली नाही. पगडीवर लिहिले गेले, तलवारीवर लिहिले गेले, नाण्यांवर आणि दागिन्यांवर तर ग्रंथच्या ग्रंथ झाले. पण जी वस्तू माणसाला शेतावर, बाजारात, कचेरीत आणि पंढरीला घेऊन गेली, ती उंबऱ्याबाहेरच राहिली. घरात शिरताना ती बाहेर काढून ठेवायची ही सवय आपल्या इतिहासकारांनी लेखनातही पाळली असावी.

प्रस्तुत लेखात आम्ही वहाणेचा विचार कामाची वस्तू म्हणून करणार आहोत. आज ‘कोल्हापुरी’ म्हटले की लग्नसमारंभातील सोनेरी वेणीचा, गोंड्याचा नाजूक जोड डोळ्यांपुढे येतो. परंतु या पादत्राणाची मूळ घडण मिरवण्यासाठी झालेली नाही. तिचा तळ जाड का, तिला उंच टाच का नाही, तिच्यात खिळा का नसतो, अंगठ्याभोवती कातड्याचे वेढे का, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर चालणे, उभे राहणे आणि पैका जपणे यांत सापडते. शिवाय आम्हां बेळगाव जिल्ह्यातील वाचक-लेखकांना या विषयाची एक जवळची बाजू आहे. कोल्हापूरच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वहाणांपैकी पुष्कळशा आमच्याच जिल्ह्यातील अथणी, निपाणी आणि मदभावी या भागांत तयार होतात. नाव एका गावाचे आणि हात दुसऱ्या गावांचे, असा हा व्यवहार आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘वहाण’ हा शब्द संस्कृत ‘उपानह्’ पासून आला. ‘जोडा’ म्हणजे पाऊल झाकणारे पादत्राण. पेशवाईत नावारूपाला आलेला तांबडा, चोचदार पुणेरी जोडा हा त्याचा प्रतिष्ठित प्रकार. ‘पायताण’ हे खेड्यातील सर्वसमावेशक नाव. ‘खेटर’ म्हणजे झिजून टाकाऊ झालेले. ‘चप्पल’ हा त्या मानाने अलीकडचा शब्द, चालताना होणाऱ्या आवाजावरून आलेला असावा. या शब्दांभोवती मराठीत जे वाक्प्रचार जमले ते बहुतेक अपमानाचे आहेत: जोडे उचलणे, जोडे मारणे, खेटरे खाणे. वहाणेने पायातच राहावे असे बजावणारी म्हण तर माणसांनाच उद्देशून वापरली गेली. या सर्व गोतावळ्यात ‘जोडे झिजवणे’ एवढाच एक प्रयोग श्रमाशी नाते सांगतो, आणि तोही बहुधा निष्फळ श्रमाशी.

आता घडणीकडे. जुन्या पद्धतीच्या वहाणेचा तळ म्हशीच्या कातड्याचा असे. वरच्या पट्ट्यांना आणि वेणीला शेळीचे किंवा गाईबैलाचे पातळ कातडे लागे. कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून केस सैल करायचे, ते खरवडायचे, आतील मांस काढायचे आणि मग बाभळीच्या सालीच्या व हिरड्याच्या पाण्यात ते कमवायचे. आमच्या भागातील ढोर कारागीर यासाठी कातडे कडेने शिवून त्याची पिशवी करीत, ती टांगून तिच्यात सालीचे पाणी भरीत आणि झिरपून गेलेले पाणी पुन्हा पुन्हा आत ओतीत. हे काम आठवडेच्या आठवडे चाले. क्रोमच्या क्षारांनी हेच काम एकदोन दिवसांत उरकते. दक्षिण भारतात क्रोमची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासला प्रयोग करून रुजवली. त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या त्या विहिरीवरील मोटा. पाण्यात कुजणार नाही असे मोटेचे कातडे त्यांना हवे होते.

सालीत कमावलेल्या आणि क्रोमच्या कातड्यांत वेगाखेरीज आणखी एक भेद आहे, आणि तो पायाला कळतो. क्रोमचे कातडे मऊ असते, पण दाबले तरी उसळून पूर्ववत होते. सालीत कमावलेले कातडे प्रथम फळीसारखे कडक असते. मात्र घाम, तेल आणि अंगाचे वजन यांखाली ते हळूहळू वाकते व वाकले तसे राहते. म्हणून नवी वहाण चावते. तिला तेल पाजावे लागते, पहिले काही दिवस पायाच्या बोटांवर फोड सोसावे लागतात. त्यानंतर तिच्या तळावर मालकाच्या पावलाचा ठसा उमटतो, टाचेला खळगा पडतो, बोटांच्या जागा बसतात, आणि मग ती दुसऱ्या कोणाच्या पायाला नीट होत नाही. देवळाबाहेरील ढिगात अंधारातही आपला जोड पायाला ओळखता येतो तो याचमुळे. हल्ली दुकानांत पहिल्याच पावलाला मऊ लागणारे पादत्राण सुखाचे समजले जाते. वहाणेचे सुख उशिरा येणारे होते, पण वर्षानुवर्षे टिके.

कारागिराची हत्यारे थोडी. कातडे कापायला व तासायला रापी, भोक पाडायला आरी, ठोकायला ऐरण आणि हातोडा, आणि शेजारी कातडे भिजवण्याचे पाण्याचे कुंड. तळाचे थर एकमेकांवर ठेवून कातड्याच्याच वादीने शिवायचे. लोखंडी खिळ्याला येथे काम नाही. कारण उघड आहे. खिळा गंजतो, कातडे सडवतो आणि तळ झिजला की वर येऊन पायात रुततो. वादीची शिवण तळाबरोबरच झिजते. ती उसवून टाचेचा एक थर बदलता येतो, अंगठा नवा लावता येतो, पट्टा पुन्हा ओवता येतो. दोन्ही बाजूंना बाहेर आलेले ‘कान’ पट्ट्याला आधार देतात, आणि अंगठ्याचा वेढा चालताना तळाला पावलाशी धरून ठेवतो. तळ कठीण आणि सपाट असल्याने वजन टाचेवर किंवा चवड्यावर एकवटत नाही. दिवसभर नांगरामागे, मागाशी किंवा फळ्याजवळ उभ्या राहणाऱ्याला याहून फार काही लागत नसे. कापशी, पुकरी, बक्कलनाळी, कचकडी अशी तिच्या प्रकारांची नावे. त्यांतील कापशी हे नाव कोल्हापूर जिल्ह्यातील गावाचे. रुबाबाची हौस असलेले लोक चालताना करकर वाजणारी वहाण मुद्दाम करवून घेत. ती करकर दूरवरून ओळखू येई आणि तरुण पोरे विड्या लपवीत.

पावसाळा मात्र तिचा वैरी. सालीत कमावलेले कातडे पाणी पिते, फुगते, शिवण सैल करते. म्हणून मृगाचा पाऊस सुरू झाला की वहाणा तेल लावून खुंटीला टांगल्या जात आणि भातशेतीच्या चिखलात माणसे अनवाणी वावरत. जिला आपण बारमाही म्हणतो ती ही वस्तू खरे तर वर्षातील आठ महिन्यांची होती. तिच्या दीर्घायुष्यात या चार महिन्यांच्या विश्रांतीचा वाटा आहे.

टिकाऊपणाचे दुसरे कारण आर्थिक आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे आम्हांस वाटते. गावगाड्यात वहाण विकत घेतली जात नसे. चांभार हा बलुतेदार. कुणब्याच्या घरची पायताणे, आसूड, वाद्या आणि त्यांची वर्षभराची डागडुजी हे त्याचे काम. त्याबदल्यात सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा. तपशील गावोगावी वेगळा, पण तत्त्व हेच. आता विचार करावा. वहाण लवकर तुटली तर नुकसान कोणाचे? धान्य ठरलेले, तेव्हा दुसऱ्या जोडाचे श्रम कारागिराच्या माथी. रोख विक्रीत माल लवकर झिजण्यात विकणाऱ्याचा फायदा असतो. बलुत्यात टिकण्यातच करणाऱ्याची सोय होती. जाड तळ, बदलता येणारी टाच आणि खिळ्याविना शिवण यांचा उगम केवळ कसबात नसून या हिशेबातही आहे, असे आमचे मत आहे.

परंतु एवढ्यावर थांबून बलुत्याचे गोडवे गाणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. धान्याचा वाटा किती घालायचा हे देणाऱ्याच्या मर्जीवर, आणि काम मात्र नाकारता येत नसे. मेलेले जनावर ओढणे, त्याचे कातडे काढणे, ते कमावणे आणि त्याची वस्तू करणे ही कामे वेगवेगळ्या जातींच्या गळ्यात बांधलेली होती, आणि प्रत्येक पायरीला विटाळ चिकटवलेला होता. वहाण शिवणाऱ्याने ती घालून वरच्या आळीतून जायचे नाही, हातात घेऊन जायचे, असा दंडक अनेक गावांत होता. म्हणजे ज्याला पायांची सोय सर्वांत चांगली कळत होती, त्यालाच ती वापरण्याची मुभा नव्हती. मार्च १९२० मध्ये कागलजवळील माणगावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली जी परिषद भरली आणि जिला राजर्षी शाहू महाराज उपस्थित राहिले, ती याच वहाणांच्या मुलखात. पुढील दशकांत मेलेली ढोरे ओढणार नाही असे महार समाजाने ठरवले तेव्हा गावोगाव बहिष्काराची शस्त्रे उगारली गेली. त्या नकाराने कातड्याची जुनी साखळी तुटू लागली हे खरे, आणि ती तुटावयासच हवी होती हेही खरे.

या व्यवसायाची सर्वांत जुनी आठवण आपल्या सीमाभागात कथेच्या रूपाने उरली आहे. बाराव्या शतकातील कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण. समगार हरळय्या रस्त्याने जाताना बसवण्णांना नमस्कार करतो. बसवण्णा त्याच्या एका नमस्काराला दोन नमस्कारांनी उत्तर देतात. हे ऋण कसे फेडावे या चिंतेने हरळय्या आणि त्याची पत्नी कल्याणम्मा आपल्या मांड्यांचे कातडे काढून त्याचे जोडे करतात. बसवण्णा ते पायात घालीत नाहीत, मस्तकी लावून परत देतात. पुढे हरळय्याच्या मुलाचे लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी होते, आणि बिज्जलाच्या राज्यात त्याची शिक्षा दोन्ही व्याह्यांना प्राणांनी भोगावी लागते. याच परंपरेतील कातडे कमावणारे शरण कक्कय्या यांची समाधी आमच्या खानापूर तालुक्यातील कक्केरीस दाखवतात. हरळय्याच्या कथेचा आधार घेऊन कोल्हापुरी चप्पल आठशे वर्षांची आहे असे सर्रास लिहिले जाते. आम्हांस ते पटत नाही. कथेतून व्यवसायाचे, त्याच्या अवहेलनेचे आणि त्याच्या स्वाभिमानाचे वय समजते. जोड्याचा आकार समजत नाही. आजच्या वहाणेचा घाट त्या काळी होता याला पुरावा लागेल, आणि भक्तिकथेकडून तो मागणे हा कथेवरही अन्याय आहे.

कामाची जागा शेतातून कचेरीत आली तेव्हा वहाणेपुढे नवाच पेच उभा राहिला. एतद्देशीय माणसाने साहेबापुढे जोडे काढूनच जायचे, हा रिवाज लॉर्ड अ‍ॅम्हर्स्टच्या काळापासून होता आणि डलहौसीच्या काळात तो अधिक कडक झाला. सवलत मिळाली ती युरोपीय बूट घालणाऱ्यांना; देशी जोडा मात्र दाराबाहेरच. आपल्याच चालीचा आधार घेऊन आपलाच उपमर्द करण्याची ही युक्ती होती. १८६२ मध्ये सुरतेच्या फौजदारी अदालतीतील असेसर माणेकजी कावसजी एंटी यांनी सत्र न्यायाधीशापुढे जोडे काढण्यास नकार दिला. घरात किंवा देवळात जोडे काढणे वेगळे आणि कचेरी वेगळी, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा होता. तो वाद बराच गाजला. पण त्याचा दूरगामी परिणाम असा झाला की कारकुनी पेशातील माणसाला बूट ही प्रतिष्ठेची गोष्ट वाटू लागली आणि वहाण गावाकडची ठरली. स्त्रियांना तर तेवढाही पर्याय नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायात जोडे घालून आणि छत्री घेऊन पुण्यात बाहेर पडणाऱ्या सुशिक्षित बाईची भर रस्त्यात हुर्यो होई. काशीबाई कानिटकरांच्या पिढीने हे सोसले आहे. पुढे शिक्षिका, परिचारिका आणि कचेरीतील स्त्रिया सहावारी साडीखाली सपाट कोल्हापुरी घालून बिनदिक्कत कामावर जाऊ लागल्या, तो बदल गाजावाजा न होता झाला. त्याचा इतिहास कोणी तरी सविस्तर लिहावयास हवा.

विसाव्या शतकात वहाण हलकी झाली. १९२० च्या सुमारास कोल्हापुरातील सौदागर घराण्याने पातळ तळाची ‘कानवाली’ चप्पल घडवून मुंबईच्या दुकानदाराकडे पाठवली आणि तेथून ‘कोल्हापुरी’ हे नाव रूढ झाले, असे सांगतात. हकिकत शब्दशः खरी असो वा नसो, दिशा तीच आहे: बलुत्याची वस्तू रोखीची झाली, ओळखीचे गिऱ्हाईक जाऊन शहरातील अनोळखी गिऱ्हाईक आले. आणि गिऱ्हाईक अनोळखी झाले की मालाला बाजारपेठेचे नाव चिकटते. १९३१ मध्ये बाटा कंपनीचा भारतातील कारभार सुरू झाला. ठरावीक मापांचे, ठरावीक किमतीचे, रबरी तळाचे पादत्राण गावोगावच्या दुकानांत पोहोचले. ते पावसात चाले. त्यानंतर रबरी स्लीपर आली आणि शेतमजुरापासून मास्तरापर्यंत सर्वांच्या पायांत शिरली. त्याच सुमारास विहिरींवर इंजिने आणि विजेचे पंप बसू लागले आणि मोट गेली. मोटेला म्हशीचे जाड कातडे फार लागे; वहाणेचा तळ हा त्याच कातड्याचा धाकटा उपयोग होता. मोठे गिऱ्हाईक गेल्यावर गावातील कातडे कमावण्याची कुंडे कोरडी पडली. वहाणेचे मरण शोधताना पायांकडेच पाहून भागत नाही, विहिरीकडेही पाहावे लागते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तोवर अथणी मुंबई राज्यात होती आणि कोल्हापूरची पेठ तिला आपलीच होती. सीमेने कारागीर एका राज्यात ठेवले आणि नाव दुसऱ्या राज्यात. वहाणांनी मात्र सीमेची पर्वा केली नाही. अथणीचा माल कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत येतच राहिला. अथणीच्या घरांत तळ कापणे आणि शिवणे हे पुरुषांचे काम, तर वेणी गुंफणे, पट्ट्यावर बारीक टाके घालणे हे स्त्रियांचे. या स्त्रियांच्या नावावर कित्येक वर्षे काहीही नव्हते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथे बचत गटांमधून ‘टोहोल्ड’ ही कारागिरांची संस्था उभी राहिली आणि स्त्रियांना मालकीचा वाटा मिळाला, ही या प्रदीर्घ कहाणीतील आम्हांस सर्वांत मोलाची वाटणारी घटना आहे.

२०१९ मध्ये ‘कोल्हापुरी चप्पल’ या नावाला भौगोलिक निर्देशांकाचा दर्जा मिळाला तो दोन राज्यांना मिळून. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे; अर्ज दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांचा. ज्या दोन सरकारांचे एका फलकाच्या भाषेवरही एकमत होत नाही, त्यांनी एका वहाणेवर सही केली. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने अशाच घाटाची पादत्राणे उगमाचा उल्लेख न करता मांडली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. कंपनीने भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याच दोन महामंडळांशी करार करून सुमारे २,००० जोड येथील कारागिरांकडून करवून घेण्याचे जाहीर केले. त्या गदारोळातील जे लेखन आमच्या वाचनात आले त्यात कोल्हापूर पदोपदी होते. अथणीचा उल्लेख शोधावा लागला.

इकडे कच्च्या मालाची अडचण वाढली आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, कर्नाटकातील कायदा २०२१ पासून कडक झाला, आणि कातड्याचा व्यापार करणाऱ्याला रस्त्यावर अडवणूक सोसावी लागते ती निराळीच. कमावलेले कातडे आता बरेचसे मद्रासकडून येते. बाजारात ‘कोल्हापुरी’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ जोडांचा तळ कृत्रिम असतो, आणि कमावलेल्या कातड्याचा खरा जोड रोज घालणाऱ्या कष्टकऱ्याच्या खिशाला जड जातो. म्हशीच्या कातड्याची भरदार वहाण आजही सांगून करवून घ्यावी लागते; ती सांगणाऱ्यांत मेंढपाळ धनगर आहेत. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन ते घाट उतरू लागतात तेव्हा त्यांच्या पायांत तीच जुन्या घाटाची जड वहाण दिसते. वरचे पट्टे आणि कान कातड्याचे असतात. तळ मात्र पुष्कळदा ट्रकच्या टायरचा, आणि तो खिळ्यांनी ठोकलेला.